हसीनाखालाचे पंचेचाळीस

हसीनाखालानं दातावर दात रोवून पंजाचा जोर मोजायचं मशीन दाबलं. मानेच्या शिरा वर आल्या, तोंड लाल झालं, डोळ्यात पाणी आलं, पण मुठीत जोर काय येईना. उजव्या हाताची चार बोटं मशीनच्या दांडीवर नुसती ठेवल्यासारखी दिसत व्हती. अंगठा तर भलतीकडंच बघत व्हता.

"दाबा मावशी, दाबा, अजून जोरात," सिद्धी म्हणाली. ही सिद्धी म्हंजी शेडातल्या तपासणी शिबिराच्या डॉक्टरांबरोबर मंचरहून आलेली पोरगी. अंगात पांढरा कोट, त्याच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"दाबती की गं माय. आता काय जीव काढून देऊ का त्याच्यात?"

मशीनवर आकडा आला. सिद्धीनं वाचला, "पंचेचाळीस."

शेजारच्या खुर्चीत सोमाजीतात्या लिहायला बसलेले. तात्या म्हंजी शेडचे काटेवाले. टोमॅटोचं क्रेट काट्यावर आलं की वरडायचे, "वीस! साडेएकोणीस! वीस!" किलो हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाय, अन शेडात कुणी विचारलाबी नाय. आपल्याकडं आकडा म्हंजी किलोच. दुसरं काय असणार? पण लिहिताना तात्या मात्र आकड्यापुढं किलो लिहायचे, हाताला वळणच पडलेलं. तसंच त्यांनी खालाच्या कागदावर लिहिलं. पंचेचाळीस किलो. कागद डॉक्टरांच्या टेबलावर गेला.

खालाच्या मागं संस्कृती उभी व्हती. वय विशीचं, नववीत शाळा सोडलेली, तोंडानं फाटकी, पण खालासाठी कुणाच्याबी अंगावर जाईल अशी. शेडात दोघी एकाच पट्ट्यावर कामाला. संस्कृतीनं मशीन घेतलं अन दाबलं.

"दोनशे एकाहत्तर," सिद्धी म्हणाली, अन तिचं तिलाच कायतरी चुकल्यासारखं झालं.

अख्खी रांग हसायला लागली. शेडचा सुपरवायझर पप्पू तिथंच दाराला टेकून उभा व्हता. तो म्हणाला, "आयला, ही पोरगी हाय का जेसीबी?"

सिद्धीनं मशीन उलटं-सुलटं केलं, पडद्याखाली बारीक अक्षरं व्हती ती डोळ्याजवळ नेऊन वाचली, एक बटण दाबलं. "परत दाबा."

संस्कृतीनं परत दाबलं.

"सत्तावीस."

"हां, आता आली लायनीवर," तात्या म्हणाले अन लिहिलं, सत्तावीस किलो. तिकडनं डॉक्टर वरडले, पुढचा पाठवा, पुढचा. सिद्धीनं पुढच्या बाईच्या हातात मशीन दिलं. मागचा कागद मागं राहिला.

पप्पूला मात्र दोन्ही आकडे पाठ झाले. तो टाळी वाजवून म्हणाला, "अरे ऐका रे! हात चेंगरलेली खाला पंचेचाळीस अन ही घोडी सत्तावीस! खाला, कुस्तीला उतरा आता. रडगाणं बंद करा."

 खालानं उजवा हात ओढणीखाली घेतला अन डाव्या हातानं चोळत बसली.

तिचं काय पणाला लागलं व्हतं ते सांगायला पायजे. शेड खोडद रोडला. बाहेर उभं राहिलं की लांब खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तवल्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या दिसतात. मालाच्या दिवसात इथं पिकअपच्या रांगा लागतात. टोमॅटो पट्ट्यावर चढतो, रोलरवरून घरंगळत जातो, बाया निवडतात, क्रेट भरतात, ट्रकात चढवतात. त्या रोलरमध्ये खालाचा हात गेला. ओढणीचं टोक आधी गेलं, ते सोडवायला हात गेला. मशीन बंद करीपर्यंत मनगटापासून बोटांपर्यंत पार चेंगरलं. बोटं वाचली, कातडं भरून आलं, वरून बघितलं तर हात चांगला दिसायचा. पण आत काय राहिलं नव्हतं. चहाचा कप धरला तर कप घसरायचा.

खालाचं मागणं एवढंच व्हतं, निवडीच्या टेबलावर बसायची जागा द्या. तिथं डाव्या हातानं काम भागतंय. मालक म्हणाले, असं प्रत्येक बाई म्हणंल. शिबिरात पंजा मोजू. अठराच्या खाली आला तर टेबल, वर आला तर क्रेट, नायतर घर. अन शेडात तवर बोभाटा झालाच व्हता, हसीना नाटक करती. हात तर चांगला दिसतोय की.

अन ज्या बाईला हे नाटकी म्हणत व्हते, तिचं आख्खं आयुष्य हातावर गेलं व्हतं. खाला जुन्नरच्या मनियाराची लेक. बांगड्या भरायचा धंदा. लग्न होऊन नारायणगावात आली तर नवरा दस्तगीरचाबी तोच धंदा. चैत्रात गावोगावच्या यात्रा लागल्या की दोघं पेट्या घेऊन फिरायची. खालापुढं बाई बसली की खाला तिचा पंजा हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायची, बोटांची हाडं हळूच गोळा करायची अन गप्पा मारता मारता बांगडी मनगटात. बाईला कळायचंबी नाय कधी गेली. कडक हाताची बाई असली, नांगरट-खुरपणीनं पंजा दगड झालेला असला, तरी खाला चार बांगड्यातली एकबी वाढू द्यायची नाय. बांगडी फुटली म्हणायचं नाय, वाढली म्हणायचं, हे संस्कृतीला तिनंच शिकवलं. दस्तगीर गेला, यात्रेत लोकं प्लास्टिकचा चुडा घ्यायला लागली, अन खाला शेडात आली. तरीबी शेडातली कुणाची लेक सासरी जायची असली की खालाच बांगड्या भरायची. पैसे कधी घेतले नाय.

असा हात. तो पप्पूनं ट्रकाला जुंपला.

पहिल्या दिवशी संस्कृती भांडली. "पप्पूभाऊ, तिला कप धरता येत नाय अन तुमी क्रेट देता?"

"कप धरता येत नाय अन पंचेचाळीस किलोनं पंजा आवळता येतो व्हय? मशीन काय माझ्या सासऱ्याचं हाय का खोटं बोलायला?"

  खरी गोम इथंच हाय. लोकांनी इश्वास ठेवला नाय ते एक वेळ चाललं. पण खालाचा स्वतःच्या हातावरचा इश्वास उडाला. ती संध्याकाळी पिकअपात बसल्यावर म्हणायची, "पोरी, मला वाटतं मनातच भीती बसली. रोलर आठवतो अन हात ढिला पडतो. मशीनला काय आपलं दुखणं माहीत असतं? त्यानं जे हाय ते सांगितलं."

"मंग दुखतं का एवढं?"

"दुखणार की. वापरला नाय ना इतके दिवस."

मंग तिनं स्वतःची एक तऱ्हा काढली. क्रेटच्या कडेत बोटं घालायचीच नाय. उजवं मनगट आडवं कडेखाली सरकवायचं, कोपरानं पोटाशी दाबायचं, सगळा भार डाव्या हातावर अन कंबरंवर घ्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, चांगली दोन्ही हातानं उचलती. जवळून संस्कृतीला दिसायचं, मनगटावर कडेचे लाल वळ उठलेत.

शिबिर झालं त्याच आठवड्यात एक दिवस तिचं मनगट टम्म सुजलं. संस्कृतीनं विचारलं तर म्हणाली, "गेटावर पांढऱ्या कोटातलं कुणीतरी उभं व्हतं. बघायला आलं असंल, हसीना काम करती का नाटक. मंग मी मधे टेकलेच नाय. एकामागं एक देत राहिले ट्रकात. बघू दे म्हटलं, पोटभर बघू दे."

"कोण व्हतं?"

"मला काय माहीत? थोडा येळ थांबलं अन गेलं."

संस्कृतीला तवा त्याचं काय वाटलं नाय. शेडात काय, कुणीबी येतं.

मंग सुट्टीच्या दिवशी मोहित आला. मोहित म्हंजी संस्कृतीच्या आत्याचा पोरगा, अवसरीला इंजिनिअरिंग शिकायला. महाळुंग्याला संस्कृतीच्या घरी ओट्यावर बसून तो भाकरी खात व्हता अन ती चटणीला टोमॅटो धूत व्हती. तिनं गंमत म्हणून सांगितलं, मशीन आधी माझे दोनशे एकाहत्तर दाखवत व्हतं, बटण दाबलं तर सत्तावीस.

मोहित हसला. "मशीन बिघडलं नव्हतं गं येडे. आधी न्यूटनवर व्हतं, मंग किलोवर आलं."

"न्यूटन म्हंजी?"

"जोर मोजायचं माप. आपण किलो म्हणतो ते खरं वजनाचं. पण पंजाचा जोरबी किलोत सांगायची रीत हाय. एक किलोचा जोर म्हंजी नऊ पॉईंट आठ न्यूटन. न्यूटनचा आकडा नऊ पॉईंट आठनं भागला की किलो. अंदाजाला दहानं भाग. दोनशे एकाहत्तरचे किती? सत्तावीसच की."

त्यानं टोपल्यातला एक टोमॅटो उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "हा जेवढा खाली दाबतोय ना, तेवढा एक न्यूटन. शंभर ग्रॅमच्या आसपास. असे दहा ठेवले की किलोचा दाब."

"अन ह्याच्यापेक्षाबी बारीक माप असतंय का?"

"असतंय. डाईन. एक लाख डाईनचा एक न्यूटन."

"बरं झालं मशीन त्याच्यावर नव्हतं," संस्कृती म्हणाली, "नायतर पप्पूनं खालाला ट्रकच उचलायला लावला असता."

म्हणाली अन तिचा हात तिथंच थांबला. टोमॅटो तळहातावर तसाच.

बटण तर तिच्या वेळी दाबलं. खाला तिच्या आधी व्हती.

"मोहित, पंचेचाळीसचे किती?"

"साडेचार. का गं?"

तिनं टोपल्यातले टोमॅटो मोजायला घेतले अन मधेच टाकून दिले. मोजायचं काय त्याच्यात? पंचेचाळीस टोमॅटो. धड पाव क्रेटबी भरत नाय. तेवढाच जोर राहिला व्हता खालाच्या हातात, अन तेवढ्या हातावर पप्पू रोज गाड्या भरून घेत व्हता.

दुसऱ्या दिवशी शेडात पाय ठेवल्या ठेवल्या ती पप्पूपुढं गेली. "पप्पूभाऊ, खालाचे पंचेचाळीस किलो नव्हते. न्यूटन व्हते."

"न्यूटन कोण? आपल्याकडं लोडिंगला हाय का?"

"चेष्टा नका करू. दहानं भागायचं असतंय. साडेचार किलो येतात. अठराच्या लई खाली."

"बरं. मंग तुझेबी भागू का? सत्तावीसचे दोन पॉईंट सात. तूबी बस टेबलावर. सगळ्यांचेच भागतो, अन ट्रक मी एकटा भरतो."

"माझ्या वेळी बटण दाबलं व्हतं!"

"मंग तिच्या वेळी का नाय दाबलं?"

"तेच तर सांगती ना मी!"

पप्पूनं तोंडातली सुपारी थुंकली. "हे बघ. मशीन गेलं, डॉक्टर गेले. कागदावर किलो हाय, ते आपल्या तात्यांनी लिहिलंय. अन सगळ्यात मोठं म्हंजी खाला क्रेट उचलती. रोज. मी माझ्या डोळ्यानं बघतो. डोळ्यापुढं तुझं गणित घेऊन काय करू, चाटू?"

ती तात्यांकडं गेली. तात्यांनी ऐकून घेतलं. काट्यावर क्रेट तसंच राहिलं. "बाई, तिनं आकडा सांगितला, मी किलो लिहिलं. आपल्याकडं आकडा म्हटल्यावर..." त्यांनी काट्यावरचं क्रेट खाली घेतलं. "मी मालकांना सांगू का? माझं ऐकतील का?"

"सांगा तर खरं."

तात्यांनी सांगितलं. मालक म्हणाले, पुढच्या शिबिरात बघू.

राहिली खाला. संस्कृतीला वाटलं, निदान हिला तरी बरं वाटंल. हात खोटा नव्हता, मशीनबी खोटं नव्हतं, मधल्या माणसांनी घोळ घातला. जेवायच्या सुट्टीत तिनं सगळं सांगितलं, टोमॅटो हातावर ठेवून दाखवला. खाला त्या टोमॅटोकडं बघत राहिली. मंग तिनं तो परत क्रेटात टाकला.

"गप बस आता."

"म्हंजी?"

"आधी म्हणत व्हते, हसीना नाटकी. मंग मशीननं आकडा काढला तर पैलवान म्हणायला लागले. आता उठून सांगू, माझ्यात साडेचार किलो जोर हाय? मंग विचारतील, इतके दिवस क्रेट कसे उचलले गं? तवा नाटक करत व्हतीस का आत्ता करतेस? पोरी, दोन्हीकडून खोटी मीच ठरणार. त्यापरीस उचलती ते उचलती."

"हात जाईल खाला."

"तुला वाटतं अजून जायचा हाय?"

संस्कृतीला इतका राग आला की तिनं डबा आपटला. राग खालाचा नव्हता. कुणाचा धरायचा तेच कळंना. त्या दिवसापासून ती खालाच्या शेजारी लोडिंगला यायला लागली, पप्पूनं पट्ट्यावर हाकललं तरी परत यायची. दोघी मिळून एक क्रेट धरायच्या. पप्पू म्हणायचा, "वरात काढलीय का क्रेटाची? एकीनं एक उचला." संस्कृतीनं त्याला दोनदा शिव्या घातल्या. मंग मालकानं तिला बोलावून सांगितलं, उद्यापासून पट्टा सोडलास तर येऊच नको. तिच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ती पट्ट्यावर गेली.

अन पट्ट्यावरूनच तिनं बघितलं. खालानं मनगट क्रेटाखाली सरकवलं, उचललं, ट्रकातल्या गड्यानं वरून घ्यायला जरा उशीर केला. क्रेट डावीकडं कलंडलं. खालानं उजव्या बोटांनी धरलं. सवयीनं. आयुष्यभर त्याच बोटांनी धरलेलं. संस्कृतीला एवढ्या लांब आवाज ऐकू येणं शक्य नाय, पण खालाचं तोंड बघून तिला कळलं की आत कायतरी तुटलं. क्रेट खाली आलं. टोमॅटो सगळ्या शेडभर.

पप्पूचा पहिला शब्द व्हता, "माल! माल बघा!"

संस्कृती पट्टा चालू सोडून पळाली. खाला खाली बसली व्हती, उजवा हात मांडीवर उताणा, बोटं उघडी. ती मिटायचा प्रयत्न करत व्हती अन बोटं ऐकत नव्हती. "अगं बाई," एवढंच म्हणत व्हती, "अगं बाई, बघ की."

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, आतला टेंडन, म्हंजी स्नायू हाडाला बांधणारी दोरी, आधीच उसवलेला व्हता, थोड्या धाग्यावर व्हता. विश्रांती मिळाली असती तर जुळून आला असता. आता शिवला तरी पहिल्यासारखी पकड यायची नाय. संस्कृतीनं विचारलं, "विश्रांती म्हंजी, बसून काम असतं तर?" डॉक्टर म्हणाला, "हो, मग बरं झालं असतं." सोपं उत्तर दिलं त्यानं. त्याला काय माहीत.

शेडातून निरोप आला, बरं वाटलं की या. बरं वाटल्यावर गेली तवा टेबलावरच्या जागा भरल्या व्हत्या. पप्पूनं नजर चुकवली. पण एवढं म्हणालाच, "आधी सांगायचं ना खाला, हात खरंच दुखतो म्हणून." संस्कृतीनं तिथंच त्याची गचांडी धरली. त्या दिवशी तिचीबी शेडातली हजेरी संपली.

ईदेला खालाची नात अर्शिया हट्ट धरून बसली, बांगड्या दादीच्याच हातानं भरायच्या. संस्कृती शिरखुर्मा खायला गेली व्हती, तिच्या डोळ्यादेखत झालं. खालानं डाव्या हातानं पोरीचा पंजा दुमडला, उजव्या हातानं बांगडी धरायला गेली. पोरीचा हात तो, लोण्यासारखा मऊ. कुणीबी भरली असती. बांगडी निसटली अन फरशीवर पडली.

"वाढली," खाला म्हणाली. मंग दुसरी घेतली. तीबी वाढली. तिसऱ्या येळी तिनं पेटीच झाकली अन पोरीला म्हणाली, "जा, अम्मीकडून घाल." पेटी संस्कृतीपुढं सरकवली. "तू घेऊन जा. आता माझं काय काम नाय हिच्याशी."

संस्कृतीनं पेटी नेली नाय. रागावून बाहेर आली अन लांबवर चालत गेली, कुठं ते तिलाबी माहीत नव्हतं.

राहिलेलं तिला लई महिन्यांनी कळलं. खालाच्या गोळ्या आणायला ती मंचरला गेली तर औषधाच्या दुकानात काउंटरमागं शिबिरातली सिद्धी उभी, आता तिथं कामाला. संस्कृतीनं तिला वळखलं अन भर दुकानात तोंड सोडलं, तुझ्या एका बटणापायी बाईचा हात गेला. सिद्धी आधी घाबरली. मंग तिनं काउंटर धरलं अन हळू आवाजात सांगितलं.

"मला त्याच संध्याकाळी लक्षात आलं होतं, मशीन बॅगेत ठेवताना. पहिला आकडा न्यूटनमध्ये गेला म्हणून. सर म्हणाले, राहू दे, एकच तर आहे. मला राहवलं नाही. त्याच आठवड्यात मी एकटी एसटीनं आले, मशीन घेऊन, परत मोजायला. कोट घातला होता, म्हणजे गेटावर अडवू नये. वॉचमनला म्हटलं, हात दुखावलेल्या मावशी कुठायत? तो म्हणाला, त्या काय, ट्रकापाशी. मी बघितलं तर मावशी क्रेटामागून क्रेट उचलून देत होत्या. मधे एकदाही टेकल्या नाहीत. मग मला वाटलं, माझीच चूक झाली असेल, आकडा बरोबर असेल. मी तशीच परत फिरले."